चिंचेखालची जागा

अड्याळच्या बाजारात मासोळीच्या रांगेत मंदाबाईच्या तोंडी लागू नये, हे शहाण्या गिऱ्हाइकाला कुणी सांगावं लागत नाही. एकदा भंडाऱ्याहून आलेले एक साहेब रोहूचे कल्ले उघडून उघडून पाहत होते, तर बाईने विचारलं, "साहेब, सोयरीक करून राहिले का मासोळीसंगं?" साहेबांनी मुकाट्याने रोहू घेतला आणि पुढे दर बाजाराला तिच्याकडेच येत राहिले. तोंड तिखट, पण माल ताजा आणि तागडी सरळ. आणि जागा तर अशी की अख्ख्या बाजारात दुसरी नाही.

एस.टी.तून उतरलेला माणूस चिंचेला वळसा घालूनच बाजारात शिरतो. त्या चिंचेखाली मंदाबाईचं पोतं. दिवसभर सावली, बाजूला हातपंप. सावलीतली मासोळी संध्याकाळपर्यंत तजेलदार राहते. उन्हातली दुपारच्या आत मरगळते आणि मग गिऱ्हाईक अर्ध्या भावात मागतं. या जागेचा कागद नाही, सातबारा नाही. ग्रामपंचायतीचा माणूस बाजाराची चिठ्ठी फाडून निघून जातो. कुणी कुठे बसायचं हे रांगेतल्या बायकांचं बायकांत. मंदाबाईची सासू थकली तेव्हा तिने एका बाजाराला आपलं पोतं उचललं, सुनेचं अंथरलं, हाताला धरून तिला बसवलं आणि रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आतापासून हे बसंन." तेवढ्यात सगळं झालं. पुढे याच जागेवर बसून मंदाबाईने घरावर पत्र्याच्या टिना टाकल्या, लेकीला, खुशबूला, नर्सिंग शिकायला भंडाऱ्याला ठेवलं आणि नवऱ्याचा खुराक चालवला. दूध, तूप, बदाम. सुखराम पैलवानाच्या अंगावर जेवढं म्हणून मांस आहे ते चिंचेखाली विकलेल्या मासोळीचं आहे, असं ती स्वतःच हसत सांगायची.

सुखराम म्हणजे तिचा नवरा. एरवी अड्याळजवळच्या आपल्या गावी तलावात जाळं ओढणारा साधा ढिवर, पण दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरते, तिथल्या आखाड्यांत त्याचं नाव घेतल्याशिवाय डफडं वाजत नसे. मंडईतली शेवटची मानाची कुस्ती त्याची आणि मानाचा फेटाही त्याचाच, हे इतकी वर्षं चाललं होतं की फेटे ठेवायला घरात पेटी वेगळी केली होती. एकदा त्याच्या पंजात मनगट सापडलं की समोरचा गडी मनातल्या मनात घरी जायला निघायचा. मात्र आता तो सेहेचाळीस वर्षांचा झाला होता. उठताना गुडघा वाजायचा. उजवा खांदा पुरता वर जात नसे. जाळं ओढताना तो मधूनच हात बदलतो हे तलावावरच्या लोकांना दिसत होतं. मंदाबाईला दिसत नव्हतं असं नाही, पण ती ते डोळ्यांआड करत होती.

त्या साली त्याच्यासमोर उभा राहणार होता राजकुमार. पंचविशीचा, नागपूरच्या तालमीत तयार झालेला, आणि मुख्य म्हणजे कृष्णरावांचा पुतण्या. कृष्णराव म्हणजे राईस मिलवाले, रस्त्यांचे कंत्राटदार, आणि आता पुतण्याला निवडणुकीला उभं करायच्या खटपटीत असलेले गृहस्थ. पुतण्याने जुन्या पैलवानाला चीत केलं की पंचक्रोशीत नाव होणार, हे लहान पोरालाही कळत होतं. चौकाचौकांत दोघांचे फोटो लागले. राजकुमारचा फोटो मोठा, सुखरामचा लहान. ते पाहूनच मंदाबाईचं डोकं तापलं होतं.

तशात बाजाराचा दिवस आला आणि सत्यभामा बोलली.

सत्यभामा बसायची रांगेच्या पार टोकाला, नालीजवळ, जिथे ऊन सरळ डोक्यावर. तिची नजर वर्षानुवर्षं चिंचेवर. दोघींची कुरबूर बाजाराला सवयीची होती.

"काय वं मंदा," ती टोकावरून ओरडली, "यंदा तुझा पैलवान पडते म्हनतात?"

"कोन म्हनते?"

"सारेच म्हनून राहिले. तो पोरगा पंचविशीतला. तुझ्या म्हाताऱ्याले तं खाटेवरून उठाले हात द्यावा लागते."

रांग हसली. मंदाबाईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. एरवी तिने चार शिव्या हासडल्या असत्या आणि प्रकरण मिटलं असतं. पण त्या लहान फोटोचा राग आतून उकळत होता.

"पडला तं ही जागा तुझी," ती म्हणाली.

 सत्यभामाच्या हातातली मासोळी हातातच राहिली. "अन् नाही पडला तं?"

"तं वर्षभर माझ्या बाजूले बसून माझ्या गिऱ्हाइकाची मासोळी कापून द्याची. फुकट."

रांगेतल्या सगळ्यात वडील पुष्पाबाई. त्या म्हणाल्या, "पोरीहो, शब्द मागं घ्या. जागा का खेळाची चीज हाये?" पण दोघींपैकी कुणी हललं नाही. मग पुष्पाबाईंनी नाइलाजाने दोघींचे हात एकमेकींच्या तागडीला लावले. रांगेत शब्द असा पक्का होतो, आणि तो मोडणारी बाई पुन्हा रांगेत बसत नाही.

घरी सुखराम अंगणात जाळं सांधत होता. मंदाबाईने मोठ्या फुशारकीने सगळी हकिकत सांगितली. सुई थांबली.

"कायले लावली वं? जागा कायले लावली?"

"तुमच्यावर नाही लावाची तं कोनावर लावू? त्या राजकुमारावर?"

तो हसला नाही. "मागं घे."

"तागडीले हात लागला. आता काय मागं घेता!"

सुखराम तिच्याकडे पाहत राहिला. काहीतरी बोलायला त्याने तोंड उघडलं. मग खाली मान घालून पुन्हा जाळ्यात सुई घातली आणि म्हणाला, "बरं." मंदाबाईला त्या वेळी त्या 'बरं'चं काही वाटलं नाही. म्हातारा घाबरला असेल म्हणून तिला उलट माया आली, आणि दुसऱ्या दिवसापासून तिने दूध वाढवलं. संध्याकाळी ती त्याच्या खांद्याला तेल चोळायला बसायची तेव्हा तो भिंतीकडे तोंड करून पडायचा. कुस्तीचा विचार करत असेल, असं ती समजली. भोळी होती असं नाही. विश्वास होता, आणि विश्वास असला की माणसाला समोरचं दिसत नाही.

मंडईचा दिवस उजाडला. कुस्तीच्या दिवशी सुखराम सकाळी दूध आणि केळी यापलीकडे तोंडात काही घालत नसे. पोटात अन्न असलं तर गडी जड होतो, हे त्यानेच तिला लग्नाच्या पहिल्या वर्षी शिकवलं होतं. त्या दिवशी तो पाटावर बसला आणि म्हणाला, "भात हाये का?"

मंदाबाईला वाटलं, आपणच चुकीचं ऐकलं. "भात?"

"अन् झिंग्याचं कालवन असंन तं आन."

तिने वाढलं. त्याने खाल्लं, पुन्हा मागितलं. ती पळी हातात घेऊन उभी.

"अहो, पोट जड होईन ना."

"होऊ दे," तो म्हणाला आणि ताट पुसून खाल्लं.

जीव चरकला तिचा. पण मग तिने स्वतःलाच दटावलं. वय झालंय, ताकद लागत असेल, नागपूरकडचे पैलवान आता खाऊनही उतरत असतील. असं काहीबाही तिने स्वतःला सांगितलं आणि कपाळाला कुंकू लावून ती बायकांबरोबर निघाली.

आखाडा तलावाच्या पाळीखाली, बांधाच्या उतरणीला होता. बायका पाळीवर उभ्या. खाली माणसांचा समुद्र, डफड्यांचा गलका, संध्याकाळच्या नाटकाच्या जाहिराती करणारा भोंगा. पैजांना तर ऊत आला होता. तंबाखूच्या खर्र्याच्या पुडीपासून बोकडापर्यंत लोकांनी लावलं होतं. सगळा ढिवरपुरा सुखरामवर होता. तिचा दीर आसाराम तर नवंकोरं जाळं लावून बसला होता. मांडवात खुर्चीवर कृष्णराव, पांढऱ्या कपड्यांत.

सुखराम आखाड्यात उतरला. दर वेळी उतरताना तो वाकून चिमूटभर माती कपाळाला लावायचा. त्या दिवशी त्याने नुसते हात झटकले. मंदाबाईने शेजारणीचा हात घट्ट धरला.

सलामी झाली, गडी भिडले. आणि पहिल्याच झटक्यात राजकुमारचं मनगट सुखरामच्या पंजात आलं. पाळीवरून सगळ्यांनी ते पाहिलं. पोराचं तोंड उतरलं. ढिवरपुऱ्याने अशी आरोळी ठोकली की तलावावरचे बगळे उठले. मंदाबाईही ओरडली, नऊवारीचा पदर कमरेला खोचून, घसा फुटेस्तोवर. म्हातारा अजून मेला नव्हता तर! गुडघा वाजत होता, खांदा दुखत होता, तरी तो पंजा अजून तोच होता.

आणि सुखरामने पंजा सोडला.

पोराने सोडवून घेतला नाही, याने सोडला. हातात आलेली मरळ कुणी आपणहून परत पाण्यात टाकावी तसा सोडला. मग राजकुमारने खाली वाकून त्याच्या पायांना मिठी घातली आणि सुखराम पडला. पडला तरी काही बिघडत नाही. पडलेला गडी पालथा होतो, पोट मातीला लावतो, पाठ वाचवतो. एवढं तर आखाड्याभोवती फुटाणे विकणाऱ्यालाही ठाऊक असतं. मंदाबाई ओरडत होती, "पालथे व्हा! अहो, पालथे व्हा!" सुखराम पालथा झाला नाही. तो उताणा झाला. पोराचं वजन अंगावर यायच्या आधीच त्याचे दोन्ही खांदे मातीला लागलेले होते.



शिट्टी वाजली. गुलाल उडाला. राजकुमारला लोकांनी खांद्यावर घेतलं. सुखराम उठून बसला आणि त्याने सगळ्यात आधी पाहिलं ते मांडवाकडे. कृष्णराव सावकाश टाळ्या वाजवत होते. शेजारची बाई मंदाबाईच्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "वय झालं वं बिचाऱ्याचं." लोक हळहळत होते. दोन म्हातारे ढिवर तर डोळे पुसत होते. सगळ्यांना दुःख झालं होतं, पण ते साधं, सरळ दुःख होतं. मंदाबाईच्या छातीत जे घुसलं होतं ते दुसरंच होतं.

घरी आल्यावर तो अंगावरची माती धुऊन ओसरीवर बसला. ती समोर येऊन उभी राहिली.

"पोट भरलं होतं ना?"

त्याने मान वर केली नाही.

"लगन झाल्यापासून तेल चोळून राहिली मी तुमाले. तुमचं आंग कसं पडते ते मले कोनी सांगाले नाही पाह्यजे. कायले सोडला त्याचा हात?"

 मग बोलायला लागला तो थांबेचना. कृष्णराव व्यायामशाळा बांधून राहिले. वस्ताद म्हणून त्याला ठेवणार. महिन्याचं मानधन. थंडीत गळ्याइतक्या पाण्यात उतरायचं काम नाही. "हा गुडघा पाह्य ना माझा. यंदा नाही तं पुढच्या साली कोनी ना कोनी पाडलाच असता. फुकट पडण्यापरीस काहीतरी घेऊन पडलो. काय वाईट केलं?"

खरं सांगायचं तर मंदाबाईला त्यात अगदीच वाईट काही दिसलं नाही. थकलेल्या माणसाने सावली शोधू नये की काय? एवढ्यावर तो थांबला असता तर तिने दोन दिवस अबोला धरला असता आणि तिसऱ्या दिवशी त्याच्या गुडघ्याला शेक दिला असता.

"मग मले काहून नाही सांगतलं?" ती म्हणाली. "मी जागा लावून आली तवा तं सांगाचं. तवा ठरलं होतं ना तुमचं?"

"ठरलं होतं."

"मंग?"

"तू पैज मागं घेतली असती तं लोकाइले शंका आली असती ना वं." तो समजावणीच्या सुरात म्हणाला. "मी सांगतलं कृष्णरावले. ते म्हनले, हे तं लईच बरं झालं. बायकोनंच जागा लावली म्हनल्यावर ही नुरा कुस्ती हाये असं कोन म्हनंन?"

 आधीच ठरवून लढलेल्या कुस्तीला नुरा म्हणतात हे मंदाबाईला ठाऊक होतं. तो नुरा झाकायला आपलं पोतं वापरलं, हे तिला आत्ता कळत होतं. तिच्या पैजेवर ते दोघे बसून बोलले होते, आणि त्यांना ती सोयीची वाटली होती.

"अन् जागेचं काय एवढं?" सुखराम म्हणाला. "पोतं टाकलं का जागा. दुसरी पाहून देईन."

 दूध, तूप, बदाम. सासूने हाताला धरून बसवलेली ती दुपार. पोतं टाकलं का जागा! ती आत गेली आणि चुलीसमोर नुसती बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सत्यभामा आली. फाटकाबाहेरच उभी राहिली. पाणी दिलं तर घेतलं नाही.

"मंदा, एक विचारतो. माझ्या भावानं जवळून पाह्यलं. तो म्हनते कुस्ती नुरा होती. गावातबी कुजबूज हाये." सत्यभामाचा आवाज नेहमीचा भांडकुदळ नव्हता. "नुरा असंन तं पैज सुटली. मले हरामाची जागा नाही पाह्यजे. इतकी वर्षं ऊन खाल्लं, पुढंबी खाईन. पन पैज रांगेसमोर झाली, तं सांगाचंबी रांगेसमोर. बाजाराच्या दिवशी सांग. तू म्हनशीन ते मी मानतो."

ती गेली. सुखराम दाराआडून सगळं ऐकत होता. तो बाहेर आला तेव्हा त्याचं तोंड पांढरं पडलं होतं. "खरी होती म्हन मंदा. माझं नाव जाईन वं. नुऱ्याच्या पैलवानाले वस्ताद कोन ठेवते? कृष्णरावबी हात वर करतीन. गावात तोंड दाखवाची सोय नाही राहनार."

मंदाबाई घागर उचलून पाण्याला निघाली. बाजाराच्या दिवसापर्यंत तिने त्याला जेवायला वाढलं, कपडे धुतले, पण बोलली नाही. तो रोज विनवायचा आणि ती रोज गप्प.

मनाशी मात्र तिचं ठरत गेलं होतं. एकदा पेटी उघडून तिने फेटे उन्हात घातले. ऐन उमेदीत लोकांनी त्याला खांद्यावर घेऊन गावभर मिरवलं होतं आणि तो मान वळवून वळवून गर्दीत तिला शोधत होता, ते तिला आठवलं. तो माणूस खोटा नव्हता. त्याच्या नावाने ती मिरवली होती, खुशबूही मिरवली होती. ते सगळं एका वाक्यात मातीत घालायचं? राग गेला नव्हता, जाणारही नव्हता. पण रागापायी नवऱ्याला गावासमोर नागवं करणारी बाई व्हायचं नाही, असं तिने ठरवलं. खरी होती म्हणायचं, पोतं उचलायचं, नालीजवळ जाऊन बसायचं. सुखरामला हे माहीत नव्हतं, कारण तुझ्या मनात काय आहे असं त्याने एकदाही विचारलं नाही. तो फक्त काय म्हणायचं ते सांगत होता.

बाजाराच्या दिवशी तिची टोपली त्याने उचलली. बसमध्ये चढवली, अड्याळला उतरवली, चिंचेपर्यंत आणली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मंदाबाईच्या मनात थोडंसं काहीतरी मऊ झालं. येऊन उभा तरी राहिला शेजारी, असं तिला वाटलं.

रांग जमली होती. गिऱ्हाईक यायचं होतं, पण बातमी पसरलेली असल्यामुळे भाजीवालेसुद्धा दुकान सोडून आले होते. तिचा दीर आसाराम आला होता, आणि कृष्णरावांचा एक माणूस चहाच्या टपरीला टेकून उभा होता. सत्यभामा आपली टोपली डोक्यावर घेऊनच आली आणि चिंचेपासून अंतर राखून थांबली.

"सांग मंदा," ती म्हणाली. "कुस्ती खरी का नुरा?"

पुष्पाबाईंनी मान हलवली. सगळ्यांचे डोळे मंदाबाईवर. तिने ओठांवरून जीभ फिरवली. 'खरी होती' हे शब्द अगदी तोंडाशी आले होते. ती क्षणभर थांबली ते एवढ्याचसाठी की जागेकडे एकदा पाहून घ्यावं, चिंचेचा पाला पडलेल्या त्या जमिनीकडे. तेवढंच थांबली.

आणि तिच्या डोक्यावर हात पडला.

जड, रुंद, ओळखीचा पंजा. सुखराम पुढे सरकला होता. तिच्या थांबण्याने त्याचा धीर सुटला होता. भरल्या बाजारात, साऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला, "हिच्या डोक्याची आन घेऊन सांगतो. कुस्ती खरी होती. नुरा असंन तं हिचं वाईट होईन."

पुष्पाबाईंच्या तोंडून "अगं माय!" निघून गेलं. दोन बायकांनी कानांवर हात ठेवले. खोटी आन ज्याच्या डोक्यावर हात ठेवून घेतली तो माणूस वर्ष पाहत नाही, आणि तिथल्या तिथे खरं बोललं तरच ती आन उतरते, हे त्या रांगेत लहानापासून थोरापर्यंत सगळे मानतात. सुखराम तर जास्तच मानायचा. मागे एकदा मच्छीमार सोसायटीच्या तलावातली मासोळी चोरल्याचा आळ त्याच्यावर आला होता. साफ खोटा आळ. पंच म्हणाले, लेकीच्या डोक्यावर हात ठेवून आन घे, सुटशील. याने घेतली नाही. खरं असलं तरी माझ्या माणसाच्या डोक्यावर आन घेणार नाही, म्हणाला आणि नसलेल्या चोरीचा दंड भरून आला. त्या रात्री मंदाबाईला नवऱ्याचा केवढा अभिमान वाटला होता!

तोच माणूस. तोच हात. आणि आता डोकं तिचं होतं.

तिला तो हात डोक्यावर जाणवत राहिला. जागेचं तिने सोसलं असतं. पैजेचं सोसलं होतं. नालीजवळ जाऊन ऊन खायला ती तयारच होती, याच माणसासाठी, त्याच्या नावासाठी. त्याने थोडी वाट पाहिली असती तर तिच्याच तोंडून त्याला हवं ते ऐकू आलं असतं. पण त्याने घाई केली, आणि त्या घाईत वस्तादकी एका बाजूला आणि तिचा जीव दुसऱ्या बाजूला ठेवून पाहिला, आणि त्याला काय जड वाटलं ते आता सगळ्या बाजाराने ऐकलं होतं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. ती ते पुसायच्या भानगडीत पडली नाही.

तिने वर हात नेला, त्याचं मनगट धरलं आणि तो पंजा आपल्या डोक्यावरून खाली उतरवला.

"नुरा होती," ती म्हणाली.

"मंदा!"

"नुरा होती. घरी कबूल केलं मले. कृष्णरावसंगं ठरवून पडले." आवाज रांगेच्या टोकापर्यंत जात होता. "मी खोटं बोलाले आली होती, माय. खरी होती म्हनाले आली होती. पन आता माझ्या डोक्यावर आन पडली. मले मराचं नाही एवढ्यात. म्हनून खरं सांगून राहिली."

 टपरीला टेकलेला माणूस फोन कानाला लावून चालता झाला. आसारामने भावाकडे एकदा पाहिलं आणि पाठ फिरवली. सत्यभामाने टोपली डोक्यावर नीट केली, जवळ येऊन मंदाबाईच्या दंडाला नुसता हात लावला आणि नालीकडे, आपल्या उन्हात निघून गेली.

सुखराम तिथेच उभा होता. "मी का तुले माराले आन घेतली का वं?" तो पुटपुटला. "तेवढ्यापुरती घेतली होती. माझं नाव गेलं ना."

"माहीत हाये," मंदाबाई म्हणाली. "माझं तं तुमी आधीच जाऊ दिलं होतं."

तो आणखी काही बोलेल म्हणून ती थांबली नाही. तिने पोतं अंथरलं, मरळी काढून ओळीने मांडल्या, हातपंपाचं पाणी आणून शिंपडलं. लोक पांगले. सुखराम केव्हा गेला ते तिने पाहिलं नाही. दिवसाचं पहिलं गिऱ्हाईक चिंचेला वळसा घालून आलं आणि त्याने मरळीचा भाव विचारला. तिने सांगितला. गिऱ्हाइकाने मान डोलावली, तेव्हा तिने तागडी उचलली.